‘थांब, आधी माझं कार्ड!’ : मॅजिकमधले अडनिडे नियम, नवख्यांसाठी

मेंढीकोट एकदा शिकला की शिकला. दश्शा कोण उचलणार, हुकूम कधी फोडायचा, हे सगळं आपल्या डोक्यात असतं. पत्त्यावर काही लिहिलेलं नसतं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये याच्या बरोबर उलट. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने 1993 साली बाजारात आणलेला हा खेळ. मूळ नियम तासाभरात समजतात, पण प्रत्येक कार्ड स्वतःचा एक नियम अंगावर घेऊन येतं. अशी वेगवेगळी कार्डं आता पंचवीस हजारांच्या वर आहेत. त्यातली कुठली दोन तुमच्या टेबलावर एकमेकांसमोर येतील याचा नेम नाही, आणि आली की हमखास कोणीतरी म्हणतं, ‘थांब, आधी माझं कार्ड!’

हा लेख त्या क्षणासाठी आहे. लँड, मॅना, क्रीचर, अटॅक, वीस लाइफ एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. नवखे खेळाडू साधारण एकच चूक करतात: कुठलं कार्ड कुठल्या कार्डाला ‘मारतं’ याच्या जोड्या पाठ करायला बसतात. जोड्या कधीच संपत नाहीत. कार्डावरचं वाक्य कोणत्या जातीचं आहे हे ओळखायला शिकलात, तर बहुतेक जोड्या आपोआप सुटतात.

कार्ड वाचा, आणि आजचं वाचा

हातातल्या जुन्या कार्डावर जे छापलंय तेच लागू असेल असं नाही. प्रत्येक कार्डाचा एक अधिकृत, वेळोवेळी सुधारलेला मजकूर असतो, त्याला ‘ओरॅकल टेक्स्ट’ म्हणतात. तो ‘गॅदरर’ या विझर्ड्सच्या मोफत संकेतस्थळावर मिळतो. कार्डाच्या खाली अनेकदा ‘रूलिंग्ज’ही दिलेली असतात, म्हणजे त्या कार्डाबद्दल लोकांना हमखास पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं. अर्धे वाद तिथेच मिटतात.

वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. खेळाचा नियम आणि कार्ड यांच्यात विरोध आला तर कार्ड जिंकतं. एक कार्ड ‘करता येतं’ म्हणतंय आणि दुसरं ‘करता येत नाही’ म्हणतंय, तर ‘येत नाही’ जिंकतं. उदाहरणार्थ, ‘स्कलक्रॅक’मुळे त्या टर्नमध्ये कुणालाच लाइफ वाढवता येत नाही, मग तुमच्या क्रीचरला लाइफलिंक (त्याने केलेल्या डॅमेजइतकं लाइफ तुम्हाला मिळणं) असलं तरी डॅमेज होतं, लाइफ मात्र वाढत नाही. आणि तिसरी, कार्ड जेवढं लिहिलंय तेवढंच करतं. चित्रात ड्रॅगन उडताना दिसतोय म्हणून त्याला फ्लाइंग मिळत नाही. हसू नका, हा वाद मी ऐकलाय.

वाक्याची जात ओळखा

वाक्यात मधे अपूर्णविराम असेल, म्हणजे दोन ठिपके, तर ती अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅबिलिटी. ठिपक्यांच्या आधी किंमत, नंतर परिणाम. वाक्य ‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘अ‍ॅट’ने सुरू होत असेल तर तो ट्रिगर: काहीतरी घडलं की तो आपोआप उठतो. वाक्यात ‘इन्स्टेड’ असेल, किंवा ‘एंटर्स विथ’, ‘अ‍ॅज... एंटर्स’ असं काही असेल, तर तो रिप्लेसमेंट इफेक्ट. तो घटनेनंतर येत नाही, घटनाच बदलून टाकतो. यातलं काहीच नसेल, वाक्य नुसतं एक वस्तुस्थिती सांगत असेल, तर ती स्टॅटिक अ‍ॅबिलिटी. कार्ड टेबलावर आहे तोवर ती चालू.

यातल्या पहिल्या दोन जाती स्टॅकवर (घडायची वाट पाहणाऱ्या गोष्टींच्या चळतीवर) जातात, म्हणजे त्यांना उत्तर देता येतं. नंतरच्या दोन जात नाहीत. ‘मी याला रिस्पॉन्ड करू शकतो का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

एक अपवाद लगेच सांगून टाकतो. ‘लॅनोवार एल्व्ह्ज’सारखं क्रीचर टॅप करून मॅना काढणं ही अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅबिलिटीच, पण मॅना देणाऱ्या अशा अ‍ॅबिलिटी स्टॅकवर जात नाहीत. मॅना लगेच हातात येतो. ‘तू एल्फ टॅप करतोयस तेवढ्यात मी त्याला मारतो’ हे चालत नाही.

स्टॅक: शेवटी आलेलं आधी सुटतं

1999 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून खेळात स्टॅक आला. तुम्ही स्पेल टाकलं की ते लगेच घडत नाही, स्टॅकवर जाऊन थांबतं. मग प्रत्येकाला त्यावर काही टाकायची संधी मिळते. ही संधी म्हणजे प्रायॉरिटी. दोघांनीही लागोपाठ ‘पास’ म्हटलं की सर्वांत वरची एकच गोष्ट सुटते, म्हणजे तिचा परिणाम घडतो, आणि पुन्हा प्रायॉरिटी मिळते, आधी ज्याचा टर्न आहे त्याला.

समजा, तुमच्याकडे ‘ग्रिझली बेअर्स’ आहे, साधं 2/2 अस्वल (पहिला आकडा पॉवर, म्हणजे मारण्याची ताकद, दुसरा टफनेस, म्हणजे सोसण्याची). समोरचा त्याच्यावर ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकतो, तीन डॅमेज. तुमच्या हातात ‘जायंट ग्रोथ’ आहे: टर्न संपेपर्यंत +3/+3. बोल्ट स्टॅकवर असताना तुम्ही ग्रोथ टाकता. ग्रोथ वर, बोल्ट खाली. आधी ग्रोथ सुटते, अस्वल 5/5 होतं. मग बोल्ट सुटतो, अस्वलाला तीन डॅमेज होतं, अस्वल जिवंत राहतं.

आता हाच प्रसंग उलटा करा. अटॅक करताना जोर यावा म्हणून तुम्ही आपणहून, समोरच्याने काही करायच्या आधीच, ग्रोथ टाकता. ती स्टॅकवर असताना तो बोल्ट टाकतो. बोल्ट वर, म्हणून आधी सुटतो. अस्वल अजून 2/2 आहे, ते मरतं. ग्रोथची पाळी येते तेव्हा तिचं टार्गेटच उरलेलं नसतं, म्हणून ती काहीही न करता ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जाते. एका बोल्टने तुमची दोन कार्डं गेली. कार्डं तीच, मॅना तोच, फक्त क्रम वेगळा. अशी स्पेल्स घाईने टाकू नका, शक्यतो उत्तर म्हणून टाका, असं जुने खेळाडू सांगतात ते यासाठी.

पहिल्या प्रसंगात नवख्यांना एक शंका येते. टर्न संपल्यावर ग्रोथचा असर जाणार, अस्वल पुन्हा 2/2 होणार, अंगावर तीन डॅमेज आहेच, मग तेव्हा मरणार का? नाही. टर्नच्या अगदी शेवटच्या क्लीनअप स्टेपमध्ये डॅमेज पुसलं जाणं आणि ‘टर्न संपेपर्यंत’वाले परिणाम संपणं या दोन गोष्टी एकाच क्षणी होतात. मधे फट राहत नाही.

किंमत, टार्गेट आणि मेलेल्याची अ‍ॅबिलिटी

‘प्रॉडिगल सॉर्सरर’ हे जुनं कार्ड. टॅप करा आणि हव्या त्या टार्गेटला एक डॅमेज करा. समोरच्याने त्याला टॅप करून तुमच्याकडे बोट दाखवलं आणि तुम्ही उत्तरादाखल त्याला मारलंत, तर ते एक डॅमेज वाचतं का? वाचत नाही. अ‍ॅबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की तिचा मूळ कार्डाशी संबंध तुटतो. माणूस मेला तरी सोडलेला बाण परत येत नाही. अ‍ॅबिलिटी थांबवायची तर ती थांबवणारंच कार्ड लागतं. क्रीचर मारून उपयोग नाही.

किंमत मात्र वेगळी चीज. किंमत देण्याला कुणीही उत्तर देऊ शकत नाही. ‘व्हिलेज राइट्स’ पाहा: एका काळ्या मॅनाचं इन्स्टंट (उत्तर म्हणूनही टाकता येणारं स्पेल), जास्तीची किंमत म्हणून स्वतःचं एक क्रीचर सॅक्रिफाइस करायचं, मग दोन कार्डं काढायची. समोरच्याने तुमच्या क्रीचरवर ‘मर्डर’ टाकलं, तुम्ही उत्तर म्हणून त्याच क्रीचरचा बळी देऊन व्हिलेज राइट्स टाकलं. आता तो म्हणेल, ‘तू बळी द्यायच्या आत मी दुसऱ्या स्पेलने मारतो.’ अशी जागाच नाही. तुम्ही कार्ड जाहीर केलं आणि किंमत दिली, तोवर त्याच्याकडे प्रायॉरिटी येतच नाही. मर्डरचं टार्गेट गेलं, ते वाया गेलं, आणि तुमच्या हातात दोन कार्डं येणार.

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही चावते. समोरच्याने व्हिलेज राइट्सच ‘काउंटरस्पेल’ने हाणून पाडलं तर बळी दिलेलं क्रीचर परत मिळत नाही. दिलेली किंमत गेलीच.

टार्गेटबद्दल एक बारीक गोष्ट. स्पेलला अनेक टार्गेटं असतील आणि सुटायच्या वेळी त्यातलं एखादंच बेकायदा झालं असेल, तर उरलेल्यांवर ते चालतं. सगळीच बेकायदा झाली तरच ते वाया जातं, आणि मग त्यातलं ‘शिवाय एक कार्ड काढा’सुद्धा होत नाही.

एकाच कामाची दोन कार्डं

वाक्याची जात किती फरक पाडते ते या जोडीइतकं छान मला दुसरीकडे दिसलेलं नाही. 2007 सालच्या लॉरविन या संचातलं ‘ऑब्लिव्हियन रिंग’ आणि 2014 सालचं ‘बॅनिशिंग लाइट’. दोन्ही तीन मॅनाची पांढरी एन्चँटमेंट. दोन्हींचं काम वरकरणी एकच: समोरची एक गोष्ट एक्झाइल करा (खेळाबाहेर काढा), हे कार्ड गेलं की ती परत येईल.

ऑब्लिव्हियन रिंगवर दोन वेगळे ट्रिगर आहेत. पहिला: मी आले की लँड सोडून दुसरं एक पर्मनंट (टेबलावर राहणारं कार्ड) एक्झाइल कर. दुसरा: मी गेले की एक्झाइल केलेलं परत आण.

समजा, रिंग टेबलावर आली आणि तिचा पहिला ट्रिगर समोरच्याच्या ड्रॅगनकडे बोट दाखवून स्टॅकवर बसला. समोरचा घाबरून लगेच रिंगच फोडतो. रिंग गेली, म्हणून दुसरा ट्रिगर उठला आणि पहिल्याच्या वर बसला. वरचा आधी सुटतो: ‘एक्झाइल केलेलं परत आण.’ अजून काहीच एक्झाइल झालेलं नाही, त्यामुळे काही घडत नाही. मग पहिला सुटतो आणि ड्रॅगन एक्झाइल होतो. परत आणणारा ट्रिगर आधीच वापरून संपला. ड्रॅगन कायमचा गेला. समोरच्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. अनुभवी खेळाडू तर ही युक्ती मुद्दाम करायचे: स्वतःचीच रिंग योग्य क्षणी घालवायची आणि समोरचं कार्ड कायमचं काढून टाकायचं.

बॅनिशिंग लाइटवर एकच ट्रिगर आहे: ‘बॅनिशिंग लाइट जाईपर्यंत’ एक्झाइल कर. ट्रिगर सुटायच्या आधीच लाइट गेली असेल तर ती मुदत सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते, म्हणून ड्रॅगन जागचा हलत नाही. विझर्ड्सने पुढे अशा कामाची कार्डं साधारण या दुसऱ्या पद्धतीने लिहिली, आणि बरं केलं.

कुणी न बोलावता होणाऱ्या गोष्टी

शून्य लाइफ झालेला खेळाडू हरतो, पुरेसं डॅमेज झालेलं क्रीचर मरतं, टफनेस शून्य झालेलं क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये जातं, रिकाम्या डेकमधून कार्ड काढायला गेलेला हरतो. यांना स्टेट-बेस्ड अ‍ॅक्शन म्हणतात. त्या स्टॅकवर जात नाहीत, त्यांना उत्तर देता येत नाही. महत्त्वाचं म्हणजे त्या नेमक्या कधी तपासल्या जातात: कुणालाही प्रायॉरिटी मिळायच्या अगदी आधी. एखादं स्पेल अर्धवट सुटलेलं असताना नाही.

‘टार्मोगॉइफ’चा सुप्रसिद्ध पेच इथून येतो. सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये मिळून कार्डांचे जितके प्रकार, तितकी त्याची पॉवर. टफनेस त्याहून एक जास्त. समजा, ग्रेव्हयार्डमध्ये फक्त लँड आणि क्रीचर आहेत. गॉइफ 2/3. समोरचा लाइटनिंग बोल्ट टाकतो. तीन टफनेस, तीन डॅमेज, मेला? थांबा. बोल्ट सुटताना डॅमेज करतो आणि सुटण्याचा शेवटचा भाग म्हणून स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो. आता तिथे इन्स्टंट हा तिसरा प्रकार आला. गॉइफ झाला 3/4. यानंतर तपासणी होते: टफनेस चार, डॅमेज तीन. गॉइफ वाचला. त्याला मारू पाहणाऱ्या बोल्टनेच त्याला वाचवलं. ग्रेव्हयार्डमध्ये आधीच एखादं इन्स्टंट असतं तर हा प्रकार झाला नसता, कारण गॉइफ तेव्हा चार टफनेसवर होताच आणि बोल्ट टाकायचा विचार कुणी केला नसता.

‘इंडिस्ट्रक्टिबल’बद्दलचा गैरसमजही इथलाच. ‘डार्कस्टील मिर’ 0/1 आहे आणि इंडिस्ट्रक्टिबल आहे. कितीही डॅमेज करा, ‘डिस्ट्रॉय’ म्हणणारं कुठलंही कार्ड टाका, तो हलत नाही. पण -1/-1 द्या, टफनेस शून्य होतो आणि तो ग्रेव्हयार्डमध्ये जातो, कारण शून्य टफनेसने जाणं हे ‘डिस्ट्रॉय’ नव्हेच. सॅक्रिफाइसही डिस्ट्रॉय नव्हे. एकाच नावाची दोन लेजंडरी कार्डं तुमच्याकडे झाली तर त्यातलं एक तुम्ही निवडून ठेवता आणि दुसरं जातं, तेही डिस्ट्रॉय नव्हे. (2013 पासून हा नियम प्रत्येक खेळाडूपुरता आहे, समोरच्याकडे तेच लेजंडरी असलं तरी तुमच्याला धक्का लागत नाही.)

लाइफलिंकही इथेच बसवून टाकू. तुमचं लाइफ दोन आहे. कॉम्बॅटमध्ये तुमच्या लाइफलिंकवाल्या 3/3 क्रीचरने एका अटॅकरला अडवलं आणि दुसऱ्या अटॅकरने तुम्हाला तीन डॅमेज केलं. तुम्ही वाचता. लाइफलिंक ट्रिगर नाही. डॅमेज होतानाच लाइफ वाढतं, तपासणी नंतर होते. त्याऐवजी क्रीचरवर ‘स्पिरिट लिंक’ असतं, तर तो ट्रिगर आहे. तो स्टॅकवर चढायच्या आतच तुम्ही हरलेले असता.

कॉम्बॅटमधल्या चार गोष्टी, पटापट

समोरच्याच्या क्रीचरला टॅप करून अटॅक रोखायचा असेल तर कॉम्बॅटच्या सुरुवातीच्या स्टेपमध्ये करा. अटॅकर जाहीर झाले की उशीर झाला. त्यानंतर टॅप केलं तरी ते अटॅक करतच राहतं. अडवलेलं क्रीचर अडवलेलंच राहतं, ब्लॉकर मधेच मेला तरी. ट्रँपल (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला देणं) नसेल तर एकही डॅमेज पुढे जात नाही. डेथटच (एका डॅमेजनेही क्रीचर मारणं) आणि ट्रँपल एकत्र आले की ब्लॉकरला एक डॅमेज पुरतं: 6/6 ला 5/5 ने अडवलं तर एक त्याला, पाच खेळाडूला, आणि ब्लॉकर इंडिस्ट्रक्टिबल असला तरी हिशोब हाच. चौथी गोष्ट जुनी पुस्तिका किंवा जुने व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांसाठी: कॉम्बॅट डॅमेज स्टॅकवर ठेवणं 2009 साली बंद झालं, आणि एकापेक्षा जास्त ब्लॉकर असतील तर त्यांचा क्रम लावायची पद्धत 2024 साली गेली. आता अटॅकर डॅमेज हवं तसं वाटतो.

हेक्सप्रूफ, प्रोटेक्शन आणि तिसरा मार्ग

हेक्सप्रूफ फक्त एक करतं: समोरच्याला तुमच्या क्रीचरला टार्गेट करता येत नाही. ‘रॅथ ऑफ गॉड’ कुणालाच टार्गेट करत नाही, सगळ्यांनाच मारतं, त्यामुळे हेक्सप्रूफ तिथे निरुपयोगी. ‘डायबॉलिक इडिक्ट’ खेळाडूला टार्गेट करतं आणि तो स्वतः एक क्रीचर सॅक्रिफाइस करतो. तुमच्याकडे एकच हेक्सप्रूफ, इंडिस्ट्रक्टिबल राक्षस असेल तर तोच जातो.

प्रोटेक्शन चार गोष्टींपासून वाचवतं: त्या रंगाच्या गोष्टींकडून होणारं डॅमेज, त्या रंगाच्या एन्चँटमेंट किंवा इक्विपमेंट अंगावर चिकटणं, त्या रंगाच्या क्रीचरने अडवणं, आणि टार्गेट होणं. बस. ‘व्हाइट नाइट’ला काळ्यापासून प्रोटेक्शन आहे, पण ‘डॅम्नेशन’ हे सगळ्या क्रीचरना मारणारं काळं स्पेल त्याला सहज मारतं, कारण ते वरच्या चारांपैकी काहीच करत नाही. लाल रंगापासून प्रोटेक्शन असलेलं क्रीचर मात्र ‘पायरोक्लाझ्म’मधून (सगळ्या क्रीचरना दोन डॅमेज करणारं लाल स्पेल) वाचतं, कारण तिथे डॅमेज आहे. कुठलंही ‘मोठं संरक्षण’ समोर आलं की विचारा: हे स्पेल टार्गेट करतंय, डॅमेज करतंय, की डिस्ट्रॉय करतंय? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात.

‘इन्स्टेड’वाली मंडळी

‘रेस्ट इन पीस’ टेबलावर असेल तर ग्रेव्हयार्डमध्ये जाणारं सगळं त्याऐवजी एक्झाइल होतं. आता तुमच्या क्रीचरवर लिहिलंय, ‘हे मेल्यावर एक कार्ड काढा.’ कार्ड मिळणार नाही. मॅजिकमध्ये ‘मरणं’ म्हणजे टेबलावरून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं. तिथे ते पोचलंच नाही, म्हणून मेलंच नाही. व्हिलेज राइट्स मात्र चालेल. तिथे किंमत ‘सॅक्रिफाइस’ ही आहे. सॅक्रिफाइस केल्यावर कार्ड कुठे गेलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

दोन रिप्लेसमेंट एकाच घटनेवर आल्या तर क्रम कोण ठरवतो? ज्याच्यावर किंवा ज्याच्या वस्तूवर परिणाम होतोय तो. तुमच्याकडे ‘हार्डन्ड स्केल्स’ आहे (तुमच्या क्रीचरवर येणाऱ्या +1/+1 काउंटरांत आणखी एक मिळवा) आणि ‘डब्लिंग सीझन’ही आहे (काउंटर दुप्पट करा). एक काउंटर घेऊन क्रीचर येतंय. आधी दुप्पट, मग एक मिळवला, तर तीन. आधी एक मिळवला, मग दुप्पट, तर चार. क्रम तुमच्या हातात, अर्थात चार घ्या.

‘कमांडर’ हा प्रकार (त्यात एक लेजंडरी क्रीचर डेकचं म्होरकं असतं आणि कमांड झोन या वेगळ्या जागी थांबतं) खेळणाऱ्यांसाठी जोडून: 2020 पासून कमांडर मेला की तो खरोखर ग्रेव्हयार्डमध्ये जातो, ‘मेल्यावर’चे ट्रिगर उठतात, आणि मग स्टेट-बेस्ड अ‍ॅक्शन म्हणून तुम्ही त्याला कमांड झोनमध्ये नेऊ शकता. हातात किंवा डेकमध्ये जात असेल तर मात्र ती अजून रिप्लेसमेंटच आहे.

लेयर: शेवटी शिका, पण शिका

एकाच क्रीचरवर चार-पाच गोष्टींचा असर असेल तर हिशोब एका ठरलेल्या क्रमाने होतो. सात थर आहेत: कॉपी, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, अ‍ॅबिलिटी आणि सगळ्यात शेवटी पॉवर-टफनेस. सुरुवातीला फक्त शेवटचा थर समजून घ्या. त्यातही आधी ‘अमुक आहे’ असं ठरवून देणारे परिणाम लागतात, मग वाढवणारे-घटवणारे आणि काउंटर.

अस्वलावर जायंट ग्रोथ आहे, ते 5/5 आहे. समोरचा नंतर ‘टर्न टू फ्रॉग’ टाकतो: सगळ्या अ‍ॅबिलिटी जातात आणि ते 1/1 मूळ आकाराचा निळा बेडूक होतं. बेडूक केवढा? नंतर आलं म्हणून 1/1 असं बहुतेक जण म्हणतात. उत्तर 4/4. आधी मूळ आकार 1/1 ठरतो, मग त्यावर +3/+3 चढतं. कुठलं आधी टाकलं याला इथे महत्त्व नाही.

वेळेला महत्त्व येतं ते एकाच थरात दोन परिणाम भांडतात तेव्हा. मग साधारण आधीचा आधी लागतो. पण त्यातही एक गोम आहे. ‘ब्लड मून’ म्हणतं, बेसिक नसलेले सगळे लँड माउंटन आहेत. ‘अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ म्हणतं, प्रत्येक लँड त्याच्या इतर प्रकारांसोबत स्वॅम्पही आहे. दोन्ही प्रकार बदलणारे, दोन्ही एकाच थरात. पण अर्बोर्ग स्वतः बेसिक नसलेला लँड आहे. ब्लड मून लागला की तो नुसता माउंटन होतो आणि त्याचं वाक्यच पुसलं जातं. म्हणजे अर्बोर्गचा परिणाम असणार की नाही हे ब्लड मूनवर अवलंबून. जो अवलंबून आहे तो नंतर लागतो. म्हणून आधी कुठलंही आलेलं असो, ब्लड मूनच जिंकतो आणि कुणालाही फुकटचा स्वॅम्प मिळत नाही.

याहून किचकट जोड्या आहेत. ‘ह्युमिलिटी’ आणि ‘ओपॅलेसन्स’ यांचं भांडण जजच्या (नियमांच्या पंचाच्या) परीक्षेला बसणाऱ्यांसाठी सोडून देऊ. 2019 साली तर एका शोधनिबंधात दाखवून दिलं होतं की खऱ्या कार्डांनीच मॅजिकच्या टेबलावर ट्युरिंग मशीन (संगणकाचं सैद्धांतिक रूप) उभं करता येतं. तिथे पुढे कोण जिंकणार हे कुठलाही संगणक सर्वसाधारणपणे ठरवू शकत नाही. तुमचा शनिवारचा डाव तिथवर जाणार नाही, काळजी नसावी.

अडलात तर

दोघांचे ट्रिगर एकाच वेळी उठले, तर ज्याचा टर्न आहे त्याचे आधी स्टॅकवर जातात, म्हणजे समोरच्याचे आधी सुटतात. स्वतःचे दोन-तीन असतील तर त्यांचा क्रम तुम्ही ठरवता. हे मोठ्याने बोलून करा: ‘हा आधी, हा नंतर.’ मनात ठरवलेला क्रम वाद झाल्यावर कुणी मानत नाही.

जवळ खेळणारं कुणी नसेल तर ‘मॅजिक अरीना’ हा मॅजिकचा ऑनलाइन खेळ फुकट शिक्षक आहे. तो नियमात चुकू देत नाही. पण तो प्रायॉरिटी तुमच्या वतीने आपोआप पास करत असतो, त्यामुळे स्टॅक खरंच समजून घ्यायचा असेल तर अधूनमधून ‘फुल कंट्रोल’ चालू करून खेळा. डाव कंटाळवाणा होईल, पण प्रत्येक थांबा दिसेल.

संपूर्ण नियमावली ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स’ या नावाने मोफत मिळते. जवळपास तीनशे पानं आहेत, ती कादंबरीसारखी वाचायला घेऊ नका. नियमाचा आकडा माहीत असला की पुरे: प्रायॉरिटी 117, स्पेल सुटणं 608, लेयर 613, रिप्लेसमेंट 614, स्टेट-बेस्ड अ‍ॅक्शन 704. फाइल उघडून आकडा शोधला की त्या खाली उदाहरणंही सापडतात.

स्पर्धेत अडलात तर हात वर करून जजला बोलवा. तोवर कुठलंही कार्ड हलवू नका, ‘समजा असं झालं असतं’ म्हणून मांडूनही दाखवू नका. प्रश्न विचारताना टेबलावरची स्थिती आधी सांगा: कुणाचा टर्न, कुठली स्टेप, स्टॅकवर काय काय आणि कुठल्या क्रमाने. ‘माझा टर्न, मेन फेज, माझ्या रिंगचा ट्रिगर स्टॅकवर आहे, याने उत्तर म्हणून रिंग फोडली, आता काय सुटेल?’ अशा प्रश्नाला उत्तर मिळतं. कार्डाचा अधिकृत मजकूरही जज वाचून दाखवतात. ‘मी इथे बोल्ट टाकू का?’ याला मात्र उत्तर मिळणार नाही, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं.